घाव घरचाच

१९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तालुक्याच्या गावांतही ‘व्हिडिओ लायब्ररी’च्या पाट्या लागल्या. लायब्ररी हे नाव उगीच नव्हतं. मुंबईच्या शेमारूची सुरुवात १९६२मध्ये पुस्तकं भाड्याने देण्यापासूनच झाली होती. कॅसेट आल्या १९७९मध्ये.

व्हीसीआर विकत घेणं मोजक्यांनाच परवडे. बाकीचे वर्गणी काढून एका रात्रीचा सौदा करत: कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चर. लायब्ररीचा पोऱ्या चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर सायकलच्या कॅरिअरवरून आणी. पहिला मान पौराणिकाचा, म्हणजे आज्या समाधानाने झोपायला मोकळ्या. मग अमिताभ. तिसरा पिक्चर पहाटे कधीतरी लागे. तो कुणी धड पाहिला असेल असं वाटत नाही, पण पैसे मोजलेत म्हणून चालू ठेवायचा. मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या की पोऱ्या झाकण उघडून हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवी. लाईट गेली की कॅसेट आतच अडके. (काही विशिष्ट कॅसेट आणणाऱ्यांना तेव्हा घाम का फुटे, हे जाणत्यांना सांगायला नको.)

नेटफ्लिक्सने या लायब्ऱ्या बुडवल्या असं आता सर्रास म्हणतात. ते भारतात आलं २०१६ला. तोवर बुडवायला उरलं होतं काय? १९९१-९२नंतर केबल पसरली, आणि कितीतरी गावांत केबलवाला म्हणजे कालचा लायब्ररीवालाच. एकच कॅसेट मशीनमध्ये घालायची आणि वायरवरून अख्ख्या आळीला दाखवायची. मग दहा रुपये मोजायला दुकानात कोण येणार? निर्माते सावध झाले; १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’ची कॅसेट राजश्रीने मुद्दाम अडवून धरली.

सीडीने दुकानांना थोडी धुगधुगी दिली. ‘रिवाइंड करून आणा’ची पाटी उतरली, ओरखड्यांवरून भांडणं सुरू झाली. मग २००७च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली. एवढ्यात विकत मिळतेय तर दोनदा भाडं कशाला भरायचं?

जपानच्या फुनाईने २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. आमची मावशी मात्र दर दिवाळीला माळ्यावरून लग्नाची कॅसेट काढते, बुरशी फडक्याने पुसते आणि विचारते, “ही लावून देणारं कुणी आहे का रे तुमच्या पुण्यात?”