थायरॉइडची गाठ : सुई काय सांगते?

थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्या असतात. संशयास्पद गाठीसाठी डॉक्टर ‘एफएनएसी’ सांगतात. सोनोग्राफीवर पाहत, रक्त काढायच्या सुईहूनही बारीक सुईने गाठीतल्या पेशी घेतात, काचपट्टीवर पसरून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. अहवाल ‘बेथेस्डा’ पद्धतीने ६ गटांत येतो. गट २ म्हणजे साधी गाठ, गट ६ म्हणजे कर्करोग.

मेड्युलरी कर्करोग हा त्यातला दुर्मीळ प्रकार. तो थायरॉइड संप्रेरक बनवणाऱ्या पेशींतून नव्हे, तर कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या ‘सी’ पेशींतून होतो. काचपट्टीवर या पेशी सुट्या, विखुरलेल्या दिसतात; काही गोल, काही लांबट. केंद्रक मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखं ठिपकेदार असतं, आसपास अमिलॉइडचे पुंजके असू शकतात. मात्र हे रूप फसवंही असतं. इतर गाठींशी गल्लत होते. अशा वेळी पेशींवर कॅल्सिटोनिनची खास रंगचाचणी करतात आणि रक्तातलं कॅल्सिटोनिनही मोजतात.

हे निदान शस्त्रक्रियेआधी होणं मोलाचं, कारण या कर्करोगावर रेडिओआयोडीन चालत नाही. शिवाय सुमारे २५ टक्के रुग्णांत तो ‘रेट’ जनुकातल्या दोषामुळे आनुवंशिक असतो. काहींना अधिवृक्क ग्रंथीचीही गाठ असते. ती आधी न शोधल्यास शस्त्रक्रियेत रक्तदाब धोकादायक वाढू शकतो.

अहवालात गट १ असेल, तर नमुना अपुरा आहे, गाठ साधी आहे असं नव्हे. तपासणी पुन्हा करून घ्या. आणि घरात कुणाला मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.