माउली, सरपंच आणि मानाचे दांपत्य

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले तरंगफळ हे लहानसे गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यभर गाजले. गावाने इतर सहा उमेदवारांना बाजूला सारून ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंचपद दिले. महाराष्ट्रात असे प्रथमच घडल्याचे तेव्हाच्या बातम्यांत सांगितले गेले. ‘निवडून आले’ म्हणावे की ‘निवडून आल्या’, हा पेच मराठीत चुकत नाही. क्रियापदालाच लिंग लागते. गावातल्या हाकेला मात्र हा पेच कधी पडला नव्हता. तिथे कांबळे यांचे नाव ‘माउली’.

ही हाक त्या मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहे. आळंदीहून निघालेली संत ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत याच तालुक्यातून पंढरपूरला जाते. संत ज्ञानेश्वर पुरुष, तरी माउली. विठ्ठल पुरुष, तरी विठाई. वाटेत पाणी देणारा मिशीवाला गडीही वारकऱ्यांना माउलीच असतो. भक्तीच्या भाषेत स्त्री-पुरुष ही भिंत इतकी पातळ आहे.

व्यवहारातल्या भिंती तशा नव्हत्या, जातीची तर नव्हतीच. अस्पृश्य ठरवलेल्या संत चोखामेळ्याचे अभंग देवळात गायले जात, त्याची समाधी मात्र पायरीपाशी, दाराबाहेर राहिली. त्याच्या जातीला विठ्ठलाच्या देवळात शिरायला साने गुरुजींचे १९४७ मधील उपोषण लागले. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ मध्ये झाला, पण कोर्टकचेऱ्यांचा शेवट २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला. त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींतून, स्त्रियांसह, पुजारी नेमायला सुरुवात केली. देवाच्या नामावर हक्क आधी मिळतो, देवळाच्या कारभारावर फार उशिरा.

स्त्रीवेशातल्या पुरुषाला धर्माने दिलेली जागाही अशीच अर्धी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला जोगता साडी नेसतो, कपाळभर भंडारा लावतो, डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेऊन मंगळवारी-शुक्रवारी दारोदार फिरतो. बाया परडीत पीठ-मीठ घालतात, पाया पडतात. तो उंबऱ्याबाहेर उभा आहे तोवरच हा मान. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून आणि त्यांच्यावर बेतलेल्या ‘जोगवा’ या २००९ च्या चित्रपटातून हे जग मराठी वाचक-प्रेक्षकांना ठाऊक झाले. पूजनीय माणसाला गावच्या निर्णयात मत नसते, हे त्यात उघड दिसते.

म्हणून तरंगफळची खुर्ची वेगळी. ती देवीने दिली नव्हती, मतपेटीने दिली होती. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत राज्यात २०१७ मध्येच लागू झाली. आधी सदस्य आपसांत जमवाजमव करून सरपंच ठरवत. त्या बैठकीत तृतीयपंथी नाव कितपत टिकले असते, याची शंकाच आहे. त्याआधी, एप्रिल २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली होती. त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांपैकी ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी पुढे तृतीयपंथी साधूंच्या किन्नर आखाड्याच्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या आणि धर्माच्या आतले पदही या समाजाच्या हाती आले.

समलिंगी पुरुषाची गोष्ट निराळी. तो साडी नेसत नाही, त्याच्या अंगात देवी येत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी परंपरेने काही नेमून दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये स्पष्ट केले की समलिंगी म्हणजे तृतीयपंथी नव्हेत. मुंबईचे समलिंगी हक्क कार्यकर्ते अशोक राव कवी यांनी तरुणपणी आपल्या ओळखीशी झगडताना रामकृष्ण मिशनचा आसरा घेतला. संन्यास हीच आपल्यासारख्याची वाट, असे तेव्हा अनेकांना वाटे. पण तिथल्याच एका ज्येष्ठ स्वामींनी त्यांना बाहेर पडून स्वतःला स्वीकारायला सुचवले. १९८६ मध्ये त्यांनी मासिकातील मुलाखतीत आपली ओळख जाहीर केली, १९९० मध्ये समलिंगींसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले, १९९४ मध्ये त्यांच्यासाठीच काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापून या विषयावर मराठीत काम सुरू केले.

सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. घरच्या देवधर्मातली अडचण मात्र कायद्याच्या कलमाची नव्हतीच. सत्यनारायणाला जोडी बसते. लग्नानंतर नवरा-नवरी तुळजापूरला, जेजुरीला जाऊन येतात, मग गोंधळ-जागरण होते. अविवाहित थोरल्या मुलाला वगळून पाटावर धाकटा आणि त्याची बायको बसतात. थोरला नारळ सोलून देतो, प्रसादाचे द्रोण भरतो. त्याला कोणी हाकलत नाही. त्याच्यासाठी पाट मांडलेला नसतो, एवढेच.

पंढरपुरात आषाढी एकादशीच्या पहाटे हेच चित्र सरकारी इतमामात दिसते. मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात आणि दर्शनबारीत तासन्‌तास ताटकळलेल्या वारकऱ्यांतून एका दांपत्याला शेजारी बसण्याचा मान मिळतो. पुढे त्या दोघांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास देतात. त्याच बारीत समलिंगी वारकरीही उभे असतात आणि त्यांना दर्शनही सगळ्यांसारखेच मिळते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार देऊन तो प्रश्न संसदेकडे सोपवला, तेव्हा मानाचे दांपत्य म्हणून त्यांतल्या कोणा दोघांची निवड होण्याचा प्रश्न कागदावरही उरला नाही.