किल्ली कोणाकडे आहे?

नाटकाची तालीम असो, गाण्याची बैठक असो की एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी, सुरुवात एकाच प्रश्नाने होते. किल्ली कोणाकडे आहे? मग चार फोन होतात, ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’ असे उत्तर येते आणि अर्ध्या तासाने स्कूटरवरून एक गृहस्थ उतरतात. खांद्याला शबनम. तिच्यात पावतीपुस्तक, सुट्ट्या पैशांचा डबा, समईच्या वाती आणि ऐन दीपप्रज्वलनाच्या वेळी हमखास न सापडणारी काडेपेटी. कार्यक्रम संपल्यावर निवेदिका आभार मानते. ध्वनी, प्रकाश, सभागृह, चहा असे सगळे झाले की शेवटी म्हणते, ‘आणि ज्ञात-अज्ञात सर्व कार्यकर्ते.’ स्कूटरवाले गृहस्थ त्या अज्ञातांतले.

आपला कलेचा इतिहास कलावंतांच्या नावांनी लिहिला गेला आणि ते रास्तच आहे. पण तोच इतिहास संस्थांच्या इतिवृत्तांतून वाचायला घेतला तर वेगळीच माणसे पुढे येतात. बोलपट आले, एकेक नाटक मंडळी बसली, रंगभूमी संपल्याची भाषा सुरू झाली. त्या काळात मुंबईत मराठी रंगभूमी सावरण्यासाठी जे झटले त्यांत डॉ. अ. ना. भालेराव हे नाव आधी घ्यावे लागते. ते ना नट ना नाटककार. पेशाने डॉक्टर, आणि १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे कार्यकर्ते. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधल्या सांगलीच्या प्रयोगाला शंभर वर्षे झाली तेव्हा नाट्यशताब्दीचे वारे वाहू लागले. त्या उत्साहाला दरवर्षीच्या नाट्यमहोत्सवाचे रूप संघाने दिले. एकदाचा सोहळा कोणीही करतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडव घालायला वेगळी छाती लागते. गिरगावातल्या संघाच्या नाट्यगृहाला डॉक्टरांचे नाव आहे. कार्यकर्त्याचे नाव नाट्यगृहाला मिळाल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

बिनपगारी कामाचे मूल्य समजून घ्यायचे तर दादरच्या छबिलदास गल्लीत जावे लागते. आता तिथे लोक वड्यासाठी जातात. १९७४ पासून पुढे दीड दशक ते नाटकासाठीही जात. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ काढली. आरंभीचे नाटक होते ‘तुघलक’, भव्य आणि म्हणूनच न परवडणारे. त्यानंतर या मंडळींनी छबिलदास शाळेचे सभागृह मिळवले. रीतसर रंगमंच नाही, बाहेर बाजाराचा आणि स्टेशनाचा गलका, दिवसभर शाळा. शाळा सुटली की मांडायचे आणि रात्री आवरून सकाळच्या मुलांसाठी जागा होती तशी करून ठेवायची. जागा आपल्यापुरती न राखता ‘आविष्कार’ने ती इतर संस्थांनाही परवडेल अशा दरात दिली आणि त्यातून ज्याला आपण छबिलदास चळवळ म्हणतो ती उभी राहिली. चळवळ म्हटले की जाहीरनामा आठवतो. इथे भाडेपावती होती, तारखांची वही होती आणि ती वही सांभाळणारे काकडे होते.

काकडेकाकांना ते २०१९ मध्ये जाईपर्यंत अनेकांनी प्रेक्षागृहाच्या दाराशीच पाहिले. छबिलदास सुटल्यावर माहीमच्या म्युनिसिपल शाळेत संसार हलला, तिथेही ते होतेच. कोणता नवा मुलगा काहीतरी करू पाहतोय, त्याला तालमीला जागा हवी आहे, हे ज्याला कळते तो नुसता व्यवस्थापक नसतो. तारीख कोणाला द्यायची या निर्णयात रुची असते, पक्षपात असतो, कधी चूकही असते. समीक्षक ज्याला अभिरुची म्हणतात तिचा बराचसा भाग अशा वह्यांतून ठरला आहे, असे माझे मत आहे. नाटकवाल्यांना ते आवडत नाही.

पुण्यात याचे दुसरे रूप दिसते. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात झाला. १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पीडीए या संस्थेने ते थांबवले, आणि ते करू पाहणाऱ्यांनी १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली. वाद सर्वांना ठाऊक आहे. मला संस्था काढण्यातली घाई लक्षणीय वाटते. नाटक करायचे म्हणून आधी संस्था, संस्थेसाठी घटना, घटनेसाठी सभासद, सभासदांसाठी वर्गणी. ज्या पोरांनी रात्री नाच-गाणे करायचे त्यांनाच दिवसा नोंदणीचे कागद उमजून घ्यावे लागतात. हौशी संस्थेत कलावंत आणि हमाल एकाच अंगात राहतात. ज्याला हे मान्य नसते तो लवकरच व्यावसायिक रंगभूमीवर जातो आणि तिथून मुलाखतीत हौशी रंगभूमीचे ऋण मानतो.

कार्यकर्त्यांची पुढची पिढी घडवण्याची खरी युक्ती मात्र महाराष्ट्रीय कलोपासकांना साधली. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. पावसाळ्यात महाविद्यालयांचे ५१ संघ, त्यांतून अंतिम फेरीला ९, तासाभराच्या मर्यादेत एकांकिका, आणि भरतच्या बाहेर ‘अरे आव्वाज कुणाचा’ असा आरडाओरडा. स्पर्धेतून पुढे नामवंत झालेल्यांची यादी दर दिवाळी अंकात येते, म्हणून इथे ती टाळतो. न झालेल्यांचे काय होते ते पाहावे. ज्यांना अभिनय जमला नाही, पण नाटकाची लागण झाली, ते प्रवेशिका तपासायला, वेळ मोजायला, निकालाच्या चिठ्ठ्या जपायला परत येतात. हरलेल्यांची कायमची सोय करणारी दुसरी संस्था मला माहीत नाही. २०२२ मध्ये करंडकाच्या पात्रतेचा संघच नाही, असा निर्णय झाला तेव्हा मोठा गदारोळ उठला. निर्णय बरोबर की चूक यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण तिकीटविक्रीवर किंवा प्रायोजकाच्या मर्जीवर चालणाऱ्या स्पर्धेला करंडक टेबलावर तसाच ठेवणे जमले असते का? फुकट काम करणाऱ्यांना ही एक श्रीमंती असते.

सवाई गंधर्व महोत्सवाबद्दल लिहायचे तर आधी भीमसेन जोशींनाच स्वयंसेवक म्हणायला हवे. गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, दुसऱ्या वर्षी शिष्याने स्मृतिमहोत्सव सुरू केला आणि पुढे वर्षानुवर्षे कलाकारांना बोलावण्यापासून शेवटी स्वतः गाण्यापर्यंत सगळे अंगावर घेतले. सोबत सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे. आर्य संगीत प्रसारक मंडळाचा हा व्याप रेणुका स्वरूप शाळेपासून रमणबागेत आणि २०१८ ला मुकुंदनगरला गेला. रात्रभर चालणारे गाणे ध्वनिनियमांमुळे दुपारी सुरू होऊ लागले. पहाटेचे राग गेले म्हणून रसिक हळहळले. जाजमे घालणारे मात्र, खरे सांगायचे तर, दोन तास झोप मिळाली म्हणून सुखावले असणार.

‘आता पूर्वीसारखे कार्यकर्ते मिळत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक संस्थेच्या कचेरीत ऐकू येते. मला ते अर्धेच पटते. पूर्वीच्या कार्यकर्त्याची निष्ठा जेवढी होती तेवढेच त्याचे साडेपाचला सुटणारे ऑफिसही होते. बँक, आयुर्विमा, महापालिका, टपालखाते आणि रेल्वे यांनी मराठी हौशी रंगभूमीला जे अनुदान दिले ते कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही. बँकांच्या नाट्यस्पर्धा होत्या, कामगार कल्याण मंडळाच्या होत्या, साहेबही कधीकाळी नाटकात राजा झालेला असायचा, त्यामुळे तालमीसाठी तास-दीड तास आधी निघता येई. हिंजवडीतून रात्री नऊला सुटणाऱ्या मुलीला सदाशिव पेठेत सातच्या सभेला बोलवायचे आणि ती आली नाही की तरुणांना आस्था नाही म्हणायचे, हा न्याय नव्हे. ती प्रवेशिकांचा तक्ता संगणकावर मध्यरात्री पूर्ण करून पाठवते, पण तो तक्ता काम म्हणून धरला जात नाही. सतरंजी उचलली तरच काम.

निष्ठेची दुसरी बाजूही सांगायला हवी. साडेपाचला सुटलेल्या त्या गृहस्थांच्या घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि आजारी सासू कोणीतरी पाहत होते. त्या बाईचे नाव इतिवृत्तात नाही. ती संस्थेत आलीच तर हळदीकुंकू, स्वागताची रांगोळी आणि वेशभूषा तिच्याकडे, हिशेब आणि किल्ली नाही. आणि एकदा किल्ली हातात आली की ती सुटत नाही, हेही तितकेच खरे. वीस-वीस वर्षे तेच कार्यवाह, तेच कोषाध्यक्ष. ‘सोडायला तयार आहे हो, पण घेणारा कोण?’ असे म्हणताना किल्लीच्या खिशावर हात असतो.

परदेशातल्या मंडळांत हे चित्र थोडे बदलते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. दिवसभर नोकरी करून शनिवारी सभागृहाच्या खुर्च्या लावणाऱ्यांत तिथे विभागप्रमुखही असतात आणि त्यांना कमीपणा वाटत नाही. खुर्च्या लावायला दुसरे कोणी नसतेच.

आता इकडे किल्ली घेणाऱ्याला सोबत काय घ्यावे लागते तेही पाहू. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट, लेखापरीक्षण, पोलिसांची परवानगी, नाटकाच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, आणि यातले काही विसरलेच तर आठवण करून देणारी नोटीस. गाणे ऐकायला म्हणून आलेला माणूस पाच वर्षांत अर्धा वकील होतो.

मी ज्या संस्थेत सतरंज्या घातल्या तिथली शेवटची वार्षिक सभा आठवते. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरली. आम्ही सात जण. विषय क्रमांक सहा, नवीन कार्यवाहांची निवड. सगळे पंख्याकडे पाहू लागले. मागच्या बाकावर एक मुलगा होता. तालमीला हॉल मिळेल का, एवढेच विचारायला आला होता. अध्यक्षांनी त्याला नाव विचारले, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. इतिवृत्तात त्याचे आडनाव चुकीचे लिहिले गेले. पुढच्या बैठकीत ते त्याने स्वतःच, स्वतःच्या पेनाने, दुरुस्त केले.