राब न भाजता भाताची रोपे

वसई तालुक्याच्या पूर्व भागात, तुंगारेश्वराच्या परिसरातील परोळ, मेढे, भाताणे आदी गावांत खरिपात भाताचे पीक घेतले जाते. रोपांच्या जागेवर शेण, पाला, गवत व वाळलेल्या फांद्या पसरून पावसाळ्यापूर्वी जाळावयाच्या, यास राब म्हणतात. ही चाल निराधार नाही. भाजण्याने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते व राखेतून पालाश मिळते.

तथापि हा लाभ महागात पडतो. शेणापाल्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जाते. फांद्यांसाठी ऐनासारखी झाडे ओरबाडली जातात. त्यामुळे पक्ष्यांचा आसरा नाहीसा होतो आणि फांद्या तोडून वाहण्यात घरच्या माणसांचे श्रम खर्ची पडतात. तुंगारेश्वर 2003 साली अभयारण्य झाले. त्याच्या कडेस राबाची ठिणगीही वणव्यास पुरेशी आहे.

झाड पुन्हा फुटले तर जळताना निघालेला कर्बवायू कालांतराने शोषला जातो. परंतु धुरातील मिथेन व नायट्रस ऑक्साइड झाडे शोषून घेत नाहीत. शंभर वर्षांच्या हिशेबाने नायट्रस ऑक्साइड तेवढ्याच वजनाच्या कर्बवायूच्या सुमारे 270 पट वातावरण तापवितो.

यास पर्याय गादीवाफ्याचा. पाणी साचणार नाही अशा जागी एक ते सव्वा मीटर रुंदीचे उंच वाफे करावेत. शेण व पाला न जाळता खड्ड्यात कुजवून ते खत मातीत मिसळावे. भातगिरणीतून मिळणारी तुसाची काळी राख दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो द्यावी. बियाणे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणारे पोचट बी काढून टाकावे, उरलेले स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावे व ओळीत पेरावे. न भाजलेल्या वाफ्यात तण अधिक येईल. ओळींमुळे ते खुरपून काढणे सोपे जाते.

रोपे बिघडली तर हंगाम बुडतो, ही शेतकऱ्याची भीती रास्त आहे. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी केवळ उपदेश न करता, गावात एका शेतावर राबाशेजारीच असा एक वाफा करून दाखवावा. दोहोंतील रोपांचा जोम, तण व लागलेली मजुरी यांची नोंद शेतकऱ्यांसमक्ष ठेवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.