लोणारचं पाणी गुलाबी का झालं? शेवाळ आणि जिवाणूंची देवाणघेवाण



वर्गात "जिवाणू" म्हटलं की मुलं एका सुरात म्हणतात, "रोग होतात!" हात धुवायची सवय लागावी म्हणून हे शिकवायलाच पाहिजे. पण तेवढ्यावरच थांबलं तर तळ्याचं, नदीचं पाणी जिवंत कसं राहतं, हे मुलाला कधीच कळत नाही. हा विषय समजावायला आपल्या वऱ्हाडातच एक छान उदाहरण आहे.

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी चक्क गुलाबी झालं. लॉकडाऊनचे दिवस होते, मोबाईलवर फोटो फिरत होते. एरवी हे पाणी हिरवं असतं. उल्का आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेलं हे विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. पाणी खारं, शिवाय सामू 10 च्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं. खारपाणपट्ट्यातल्या पोरांना खारं पाणी नवीन नाही, बोअरचं पाणी त्यांच्या ओळखीचं आहे. लोणारच्या पाण्यात मात्र मिठासोबत सोडाही आहे.

रंग शेवाळामुळे आला असावा, असं सुरुवातीला बोललं गेलं. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकरच्या तपासणीत कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खूप खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, त्यातल्या जिवांचा होता. (आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांचं कुळ वेगळं. हे 1977 मध्ये कार्ल वोज यांनी दाखवलं. चौथी-पाचवीत एवढ्या खोलात जायची गरज नाही.)

आता हिरव्या रंगाकडे या. लोणारचा हिरवा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायराचा. दुकानात स्पिरुलिना नावाने गोळ्या मिळतात ना, तेच हे. आपण याला नील-हरित शेवाळ म्हणतो, पण खरं तर तो प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणूच आहे! पाण्यात तरंगत, सूर्यप्रकाशात अन्न बनवणाऱ्या अशा सगळ्या सूक्ष्मजीवांना मिळून वनस्पती प्लवक म्हणतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं एकटे समुद्रातले प्लवक करतात.

प्लवक बनवलेलं सगळं अन्न स्वतःपाशी ठेवत नाहीत. थोडी साखर पेशीतून बाहेर झिरपते आणि ती खायला जिवाणू पेशीभोवती गोळा होतात. शेतकरी पालकांना हे लगेच समजेल. तूर-हरभऱ्याच्या पेरणीआधी आपण बियाण्याला रायझोबियम लावतो. मुळं त्या जिवाणूंना साखर देतात, जिवाणू हवेतला नत्र देतात. शेवाळाच्या पेशीभोवतीही असाच छोटासा बाजार भरतो.

बदल्यात जिवाणू काय देतात? मेलेले जीव कुजवून त्यातला नत्र आणि स्फुरद पुन्हा पाण्यात मोकळा करतात. नाहीतर सगळं खत तळाच्या गाळात अडकून बसलं असतं. दुसरी गोष्ट मला जास्त भारी वाटते. बी-12 जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती किंवा प्राणी बनवू शकत नाही, ते फक्त काही जिवाणू आणि आर्किया बनवतात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेवाळाच्या 326 प्रजातींची माहिती पाहिली, तेव्हा त्यातल्या 171 प्रजातींना बी-12 बाहेरून लागतं असं दिसलं. म्हणजे निम्म्याहून जास्त शेवाळं या जीवनसत्त्वासाठी दुसऱ्यावर अवलंबून!

लोणारला पारडं फिरलं ते असं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि मीठ आवडणाऱ्या गुलाबी मंडळींचं फावलं. पुढे तो रंग ओसरला.

गावच्या तळ्यात पारडं वेगळ्या कारणाने फिरतं. पावसासोबत शेतातला युरिया, डीएपी वाहत येतो, गटाराचं पाणी मिसळतं. प्लवकांना फुकटचं खत मिळतं आणि तळं हिरवंगार होतं. दिवसा ते प्राणवायू सोडतात, पण रात्री स्वतःच श्वसनासाठी वापरतात. मग ही गर्दी एकदम मरते, तिला कुजवायला जिवाणू तुटून पडतात आणि तेही प्राणवायूच ओढतात. म्हणून मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडताना दिसतात, कधी मरतातही. लोक म्हणतात कोणीतरी विष टाकलं. दरवेळी तसं नसतं.

पण पालकहो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही नील-हरित जिवाणू खरोखर विष तयार करतात आणि ते पाणी उकळूनही जात नाही. हिरव्या रंगासारखी साय आलेल्या पाण्यावर गुरं नेऊ नका, पोरांना त्यात पोहू देऊ नका.

वर्गात करून बघण्यासारखं: तळ्यातलं साधं पाणी (साय आलेलं नको) मोठ्यांनी आणावं आणि तीन काचेच्या बरण्यांत भरावं. पहिली खिडकीत उजेडात ठेवा. दुसरीत चमचाभर शेणपाणी घालून तीही तिथेच ठेवा. तिसरीतही तेवढंच शेणपाणी घाला, पण ती अंधाऱ्या कपाटात ठेवा. झाकणं सैल ठेवा, पाणी चाखायचं नाही, हात साबणाने धुवायचे. रोज रंग वहीत लिहायला लावा. आठ-दहा दिवसांनी "सर, दुसरीच जास्त हिरवी कायले झाली?" असा प्रश्न आला, तर लगेच उत्तर देऊ नका. आधी कपाटातली बरणी काढून शेजारी ठेवा, आणि दोन्हींत फरक कशाचा ते त्यांनाच शोधू द्या.