कठड्याचा खांब आणि गच्चीची गळती

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत गळती लागली की वर मातीचा आणखी एक थर चढविण्याची रीत होती. त्यामुळे छताचे वजन वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा परिसरातील अनेक गावांत दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि त्या जड छतांखाली माणसे गाडली गेली. पुढे सिमेंटच्या गच्च्या वाढल्या. परंतु गळतीवर थर चढविण्याची सवय पुरती गेलेली नाही. कठड्याच्या लोखंडी खांबांभोवती ती आजही दिसते.

खांब गच्चीत जेथे रोवलेला असतो, तेथे ऊनपावसाने बारीक फट पडते. तीतून पाणी आत उतरते व खांब गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने भोवतालचे काँक्रीट फुटते. कालांतराने स्लॅबमधील सळयाही गंजू लागतात. वरून सिमेंट फासल्याने फट झाकली जाते, गंज थांबत नाही. अशा कठड्याला टेकून उभे राहणे जिवावर बेतू शकते.

खांब बदलताना सैल काँक्रीट काढून सळयांवरील गंज घासून काढावा. नवा खांब गच्चीच्या पातळीवर न रोवता लहान उंचवट्यावर बसवावा. जलरोधक थर त्या उंचवट्यावर चढवून न्यावा, सांध्याला गोलाई द्यावी आणि पाण्याला पन्हळीकडे उतार ठेवावा. सळया फार गंजल्या असल्यास अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे. हे काम मृगापूर्वी, स्लॅब कोरडा असताना, उरकणे हिताचे ठरते.