कर्जाचा हुकूमनामा झाला आहे काय? खात्री कशी करावी

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासून पाहावी, असे आम्ही शेतकरी बंधूंना नेहमी सांगतो. देण्याघेण्याच्या बाबतीतही तपासून पाहण्याची हीच सवय तितकीच उपयोगी पडते. परंतु ते सांगावयाचे मात्र राहून जाते.

आमच्या भागातील एका शेतकऱ्याची हकीगत अशी. तीन एकर कोरडवाहू जमीन. खते व बियाणे दुकानातून उधारीने आणली. पावसाने ओढ दिली, कपाशी हातची गेली, आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब ऊसतोडणीस निघून गेले. परत आल्यावर त्याने थोडी रक्कम भरली. पुढे दोन वर्षांनी, ऐन मृगाच्या तोंडावर, दुकानदाराचा माणूस दारात येऊन म्हणाला, “तुझ्यावर कोर्टाचा हुकूमनामा झाला आहे. आता जमिनीचा लिलाव होईल.” बिचारा बैलजोडी विकण्यास निघाला. वाटेत भेट झाली तेव्हा मी त्यास एकच प्रश्न विचारला, “हुकूमनामा तुम्ही पाहिला आहे काय?” तो त्याने पाहिलेला नव्हता.

ही भीती आजची नाही. सन 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून जो उठाव सुरू झाला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे व हुकूमनामे मागून घेऊन जाळले. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला व कर्जव्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचे काम न्यायालयावर आले. आज कागद जाळण्याची गरज नाही; तो शोधून वाचण्याची गरज आहे.

हुकूमनामा कशास म्हणावे?

वकिलाची नोटीस म्हणजे हुकूमनामा नव्हे. समन्स म्हणजेही हुकूमनामा नव्हे. ते केवळ न्यायालयाचे बोलावणे होय. दिवाणी न्यायालयाने दाव्याचा निकाल देऊन जो आदेश काढला, तो हुकूमनामा. लोकअदालतीत झालेली तडजोडही हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते. सहकारी संस्थेचे कर्ज असेल तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो. त्यासाठी दिवाणी दावा होत नाही. म्हणून त्याची चौकशी संस्थेत व सहायक निबंधकांच्या कार्यालयात करावी.

सातबाऱ्यावर बोजा दिसला म्हणजे हुकूमनामा झाला, असे नाही. उलट, सातबारा कोरा आहे म्हणून हुकूमनामा नाही, असेही समजू नये. पैशाच्या हुकूमनाम्याची नोंद सातबाऱ्यावर आपोआप होत नाही.

शोध कोठे घ्यावा?

पहिली पायरी ई-कोर्ट्सची. या संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरील ॲपमध्ये जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव आणि दाव्याचे वर्ष घालावे. ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ अशा दोन्ही प्रकारांत पाहावे, कारण हुकूमनामा झालेला दावा निकाली प्रकरणांत असतो. नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले असू शकते. म्हणून आडनावाने, वडिलांच्या नावाने आणि धनकोच्या नावानेही शोधावे. प्रकरण सापडल्यास त्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक उतरवून घ्यावा.

दावा आपल्याच तालुक्यात असेल असे नाही. व्यवहार ज्या गावी झाला तेथील न्यायालयातही तो दाखल होऊ शकतो. जुनी प्रकरणे संगणकावर न आढळल्यास न्यायालयात जाऊन दाव्यांच्या व दरखास्तींच्या नोंदवहीची चौकशी करावी. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. प्रकरण मिळाल्यावर नक्कल विभागात अर्ज करून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्यावी. तोंडी माहितीवर थांबू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जमिनीवर जप्तीचा हुकूम झाल्यास तो गावात दवंडीने जाहीर करावा लागतो आणि जमिनीवर, न्यायालयात व ग्रामपंचायत कार्यालयात लावावा लागतो. पंचायतीच्या फलकावर असा कागद दिसताच संबंधित कुटुंबास त्याच दिवशी कळवावे.

हुकूमनामा आढळल्यास

आमच्या शेतकऱ्याचा दावा तालुका न्यायालयात निघाला. समन्स बंद घराच्या दारास चिकटविलेले होते. त्या वेळी कुटुंब उसाच्या फडात होते. दावा एकतर्फी निकाली निघाला, आणि त्याने आधी भरलेली रक्कम हिशेबात धरलीच गेली नव्हती. दुकानदाराच्या हातची चिठ्ठी मात्र घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली होती.

अशा वेळी दिवस मोजावे लागतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून 30 दिवसांत, आणि समन्स रीतसर बजावले नसेल तर हुकूमनामा समजल्यापासून 30 दिवसांत करावयाचा असतो. म्हणून तो आपणांस केव्हा व कसा समजला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. या शेतकऱ्याने तालुका विधी सेवा समितीमार्फत वकील मिळवून मुदतीत अर्ज केला. निकाल अद्याप व्हावयाचा आहे. बैल मात्र दावणीला आहेत व पेरणी वेळेवर झाली.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दुष्काळ वा पूरग्रस्त आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना ही कायदेविषयक मदत विनामूल्य मिळते.

पुढील गोष्टीही प्रत्येकाने जाणून असाव्यात :

पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी सामान्यतः 12 वर्षांपर्यंत मागता येते. ‘जुने झाले, आता काय होणार’ असे म्हणून स्वस्थ बसू नये.

शेतकऱ्याची औते, उपजीविकेस आवश्यक अशी जनावरे व बियाणे, तसेच तो राहतो ते घर यांना पैशाच्या हुकूमनाम्याच्या जप्तीतून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने सामान्यतः संरक्षण दिले आहे. जमिनीस मात्र असे सरसकट संरक्षण नाही.

वडिलांवरील हुकूमनाम्यासाठी वारस जबाबदार असतो, तो वडिलांकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरताच. वारसाविरुद्ध दरखास्त आल्यास त्याला आधी नोटीस मिळावी लागते.

हुकूमनाम्याची रक्कम न्यायालयात, मनीऑर्डरने किंवा बँकेमार्फत भरावी. बाहेर भरल्यास लेखी पुरावा घ्यावा व 30 दिवसांत न्यायालयात तिची नोंद करवून घ्यावी. नोंद नसलेला भरणा अंमलबजावणीच्या वेळी विचारात घेतला जात नाही.

देणे खरे असेल तर ते फेडलेच पाहिजे. त्यासाठी हप्ते बांधून मागता येतात. परंतु न पाहिलेल्या कागदाच्या धाकाने बैल विकणे म्हणजे देणे फेडणे नव्हे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय अवश्य मांडावा, आणि ज्यांच्या मनात अशी शंका आहे त्यांना मोबाईलवर शोध घेऊन दाखवावा. अर्ध्या तासाच्या या कामाने एखाद्या घरची जमीन वाचू शकेल.